‘सगळ्यांसाठी’ म्हणजे नक्की कुणासाठी? कर्नेल आणि प्रोसेसरची गोष्ट

पोस्ट जरा लांब आहे, पण शाळेतले, ग्रामपंचायतीतले जुने कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी वाचा.

प्रोसेसर आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्या मधे एक मुख्य प्रोग्रॅम असतो, तो म्हणजे कर्नेल. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसरवर पाळी कुणाची, हे तो ठरवतो. म्हणूनच प्रोसेसरशी त्याची नाळ घट्ट असते.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केलं, तेव्हा त्याने स्पष्टच सांगितलं होतं की हे इंटेलच्या ३८६ साठी आहे, दुसऱ्या जातीच्या मशीनवर नेता येणार नाही. मार्च १९९५ मध्ये तेच लिनक्स अल्फा, स्पार्क आणि मिप्सवरही आलं. प्रोसेसरपुरता भाग वेगळा काढला आणि बाकीचा सामाईक ठेवला, म्हणून हे जमलं.

पण एकाच इंटेल घराण्यातही भानगड होतीच. नव्या पिढीला जुन्या आज्ञा कळतात, जुन्या पिढीला नव्या कळत नाहीत. ३८६ च्या मापाने बनवलेलं कर्नेल पेंटियमवर चालायचं, पण नव्या सोयी वापरायचं नाही. उलट ६८६ साठी बनवलेलं कर्नेल जुन्या मशीनवर सुरूच व्हायचं नाही. म्हणून डेबियनवाले एकेकाळी ३८६, ५८६, ६८६, के६, के७ अशी वेगवेगळी कर्नेलं द्यायचे. आपल्याला कुठलं लागतं, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

पुढे कर्नेलच शहाणं झालं. सुरू होतानाच ते प्रोसेसरला विचारतं, ‘तुला काय काय येतं?’ आणि उत्तराप्रमाणे स्वतःतल्या काही आज्ञा जागच्या जागी बदलून घेतं. एकच सर्वसाधारण कर्नेल बहुतेकांना पुरू लागलं.

आता खरा मुद्दा. सर्वसाधारण म्हटलं तरी खाली एक रेघ असतेच. डिसेंबर २०१२ मध्ये ज्या ३८६ वर लिनक्स जन्मलं, त्याचाच आधार काढून टाकला. त्या एका जुन्या प्रोसेसरसाठी कोडमध्ये वेगळ्या पळवाटा सांभाळाव्या लागत होत्या. ते कारण पटण्यासारखं होतं. पण काही पेंटियम एम लॅपटॉपची कथा बघा. जास्त मेमरी हाताळायची पीएई ही सोय त्यांच्यात होती, पण विचारल्यावर प्रोसेसर ‘आहे’ असं सांगत नसे. सोय असूनही नवं कर्नेल त्यांना दारातूनच परत पाठवायचं. शेवटी २०१४ मध्ये ‘फोर्सपीएई’ हा पर्याय घालावा लागला.

म्हणजे रेघ कधी तंत्रामुळे पडते, कधी धोरणामुळे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत, काही अपवाद सोडता, इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठी कर्नेल देणं बंद केलं, पण २००८ च्या ६४-बिट कोअर २ ड्युओवर ते आजही चालतं. एकच मशीन एका दारात बाद, दुसऱ्या दारात पास! आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स याच डेबियनवर उभं आहे.

माझं म्हणणं एवढंच. ‘मशीन जुनं झालं’ हे वाक्य ऐकून लगेच ठरावावर सही करू नका. प्रोसेसरचं नाव काय, तो ६४-बिट आहे का, मेमरी किती आणि ही रेघ ओढली कुणी, एवढे चार प्रश्न ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत नक्की विचारा. पैसा आपलाच आहे.