शंभरातले किती?

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर एक बाक असतो. गाव कोणतेही असो, इस्पितळ कोणतेही असो, तो बाक असतोच. आणि त्यावर बसलेली माणसे एकाच प्रश्नाभोवती घुटमळत असतात. कुणी विचारते, "काही खाल्लं का त्यांनी?" कुणी विचारते, "उद्या खोलीत हलवाल ना?" खरा प्रश्न या साऱ्यांच्या पोटात दडलेला असतो. आमचा माणूस जगेल ना, हे उघड विचारण्याची कुणाची छाती होत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू, दादा, हृदयविकाराच्या झटक्याने अशाच एका दाराआड होते. मी पेशाने शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपुरते, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वैद्यकाशी माझा संबंध शाळेतल्या प्रथमोपचाराच्या पेटीएवढाच. पण मास्तरकीने टक्केवारीची खोड लावलेली, म्हणून तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना मी सरळच विचारले, "अशांपैकी शंभरातले किती वाचतात?"

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "सर, साधारण निम्मे. पेशंट किलिपच्या चौथ्या वर्गात आहेत."

चौथा वर्ग म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे पाटी-दप्तर घेतलेली पोरे येतात. हा कसला वर्ग, आणि दादांना त्यात बसवणारा हा किलिप कोण, हे त्या दिवशी विचारायचे राहिले. पुढे मिळेल ते वाचत गेलो, जाणत्यांना विचारत गेलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

मरणाचा अंदाज बांधण्याची विद्या औषधाइतकीच जुनी आहे. चरकसंहितेत 'इंद्रियस्थान' नावाचे बारा अध्यायांचे एक स्थानच या विषयाला दिलेले आहे. रोग्याचा वर्ण, स्वर, गंध, त्याची छाया, त्याला पडणारी स्वप्ने, फार काय, वैद्याला बोलावायला आलेल्या दूताचे वागणेदेखील तिथे तपासलेले आहे. मृत्यू सुचवणाऱ्या अशा लक्षणाला 'अरिष्ट' म्हणत. तिकडे ग्रीस देशात हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात मरणाऱ्याच्या चेहऱ्याचे वर्णन आहे: नाक टोकदार झालेले, डोळे खोल गेलेले, कानशिले बसलेली. आजही डॉक्टर त्या चेहऱ्याला हिपोक्रेटिसचेच नाव देतात.

दोन्हीकडे हेतूही पुष्कळसा सारखा दिसतो. ग्रीक ग्रंथ म्हणतो की आधीच सांगणाऱ्या वैद्यावर लोकांचा विश्वास बसतो आणि पुढे दोष येत नाही. चरक बजावतो की असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची आणि कीर्तीची हानी होते. म्हणजे त्या काळी भाकिताचा एक उपयोग वैद्याने आपला पाय कुठे टाकावा हे ठरवण्यासाठी होता. मात्र चरकाने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: मृत्यूची चिन्हे दिसली तरी वैद्याने कुणी विचारल्यावाचून ती बोलून दाखवू नयेत, आणि विचारले तरी, ऐकून रोग्याला किंवा दुसऱ्या कुणाला आघात होणार असेल तर बोलू नये. या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. १९६० च्या आधी हृदयविकाराचा झटका आलेला माणूस इस्पितळात येई तो सर्वसाधारण वॉर्डात, इतर रोग्यांच्या रांगेत पडून राही. आठवडेच्या आठवडे सक्तीची विश्रांती हाच मुख्य उपचार. पुष्कळ जण हृदयाचा ठेका एकाएकी बिघडून जात, आणि ते गेल्याचे शेजारच्या खाटेवरच्याला आधी कळे. १९५६ साली पॉल झोल यांनी छातीवरून विजेचा झटका देऊन बिघडलेला ठेका थांबवता येतो हे दाखवले. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोव्हेन आणि त्यांच्या साथीदारांनी छाती न उघडता, नुसत्या तळहातांनी दाबून, रक्त फिरते ठेवण्याची रीत मांडली. औषध होते, हात होते. फक्त ते वेळेवर खाटेपाशी पोहोचत नव्हते. तेव्हा १९६१ साली एडिंबरोच्या डेस्मंड ज्युलियन यांनी सुचवले की या रोग्यांना एकाच जागी ठेवा, त्यांच्या हृदयाचा आलेख सतत डोळ्यांसमोर राहू द्या, आणि शिकवलेली माणसे तिथे अहोरात्र बसवा. १९६२ साली कॅन्सस सिटीत ह्यूज डे यांनी असा विभाग चालू केला. तो बाक आणि ते दार यांचा जन्म हा असा.

थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल हे न्यूयॉर्कमधल्या अशाच एका विभागातले डॉक्टर. दोन वर्षांतल्या २५० रुग्णांचा हिशेब त्यांनी १९६७ साली छापला. आत येणाऱ्या रुग्णांचे त्यांनी चार वर्ग पाडले. हृदय थकल्याचे एकही चिन्ह नाही, तो पहिला. फुप्फुसांच्या तळाशी बुडबुडे फुटल्यासारखा आवाज, किंवा हृदयाच्या दोन ठोक्यांना जोडून तिसरा, तो दुसरा. फुप्फुसांत पाणीच भरलेले, तो तिसरा. रक्तदाब ९० च्या खाली, हातपाय गार, घाम, लघवी तुटलेली, तो चौथा. इस्पितळात मरण पावलेल्यांचे प्रमाण पहिल्या वर्गात शंभरात ६, दुसऱ्यात १७, तिसऱ्यात ३८ आणि चौथ्यात ८१ भरले.

यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नव्हते, याचे मला फार अप्रूप वाटले. पॅरिसच्या नेकर इस्पितळात १८१६ साली लेनेकने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली, तिच्यापासून निघालेला स्टेथोस्कोप, दंडाला बांधायचा पट्टा आणि रोग्याच्या पायाला लावलेला डॉक्टरचा हात, एवढ्यावर वर्ग ठरे.

त्याच हिशेबात आणखी एक नोंद आहे. विभागातल्या परिचारिकांना शिकवून, डॉक्टरची वाट न पाहता तातडीचा उपचार करण्याची मुभा दिल्यावर, चौथ्या वर्गात न गेलेल्या रुग्णांचे मृत्यू शंभरात २६ वरून ७ वर आले. म्हणजे भाकिताचा धंदा इथे पालटला. कुणाला हात लावू नये हे सांगणारी विद्या आता कुणाकडे आधी धावावे हे सांगू लागली.

पुढे ही गणिते वाढत गेली. १९८५ साली वॉशिंग्टनच्या विल्यम नॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातल्या सगळ्याच रोग्यांसाठी 'अपाची दोन' नावाची गुणपत्रिका बनवली: शरीराची बारा मोजमापे, वय आणि जुने आजार मिळून ७१ गुण, जितके जास्त तितके वाईट. २००३ साली हृदयरोग्यांसाठी 'ग्रेस' आली. तिच्यात आठ गोष्टी: वय, नाडी, रक्तदाब, मूत्रपिंडाचे काम सांगणारे क्रिएटिनिन, ईसीजीतला बदल, रक्तातली हृदयाची विकरे, येतानाच हृदय बंद पडले होते की नाही, आणि किलिपचा वर्ग. आता संगणक शेकडो आकडे घेऊन हेच काम करतात. तरी ग्रेसच्या त्या आठांत छातीला लावलेला कान अजून टिकून आहे.

आणि चौथ्या वर्गातले ते ८१? ते तसेच राहिले नाहीत. १९९९ साली ज्युडिथ हॉकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा धक्क्यातल्या ३०२ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांची बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने लवकर मोकळी करण्याचे ठरवले, त्यांच्यात सहा महिन्यांनी मृत्यूचे प्रमाण शंभरात ५० होते. ज्यांना आधी औषधांवर ठेवले, त्यांच्यात ६३. डॉक्टरीणबाईंचे 'निम्मे' हे अशा कष्टांतून आलेले होते. १९६७ साली ८१ ऐकून सर्वांनी हात जोडले असते, तर तो आकडा आजही ८१ च असता, आणि किती अचूक भाकीत म्हणून आपण त्याला मान दिला असता.

मास्तर म्हणून मला हे समजायला हवे होते. शाळेचा निकाल ८० टक्के लागतो तेव्हा अमुक पोरगा पास की नापास हे त्यात लिहिलेले नसते. पोरगा ८० टक्के पास होत नाही. एक तर होतो, नाही तर होत नाही. टक्के वर्गाचे असतात, गुण पोराचे. पण कच्च्या पोरांची यादी मात्र सहामाहीलाच करावी लागते, ती त्यांच्याबरोबर संध्याकाळी बसता यावे म्हणून.

दादा चौथ्या दिवशी पहाटे गेले. आकडा खरा ठरला असे मी म्हणत नाही. ते घरी आले असते तरी तो खोटा ठरला नसता. माझी चूक निराळी आहे. त्या दिवशी मी बाकावर परतलो तेव्हा वहिनींनी विचारले, "काय म्हणाल्या बाई?" मी म्हणालो, "तपासण्या चालू आहेत." चरकाचे ते वचन तेव्हा मला ठाऊक नव्हते, तरी मी तेच पाळत होतो असे पुढे वाचताना वाटले, आणि थोडे बरेही वाटले. पण ते बरे वाटणे टिकले नाही. दादांचा धाकटा मुलगा सुरतेला नोकरीला. रजा मिळेना, म्हणून तो रविवारी निघणार होता. मला 'निम्मे' ठाऊक होते, त्याला नव्हते. तो आला तेव्हा अंगणात माणसे जमली होती.

तेरावा झाल्यावर वहिनींनी एकदाच विचारले, "भावोजी, तुम्हाला ठाऊक होतं ना?" मी मान खाली घातली. त्या पुन्हा त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

चरकाने वैद्याला गप्प राहायला सांगितले ते आघाताच्या भयाने, आणि ते भय खोटे नाही. पण मी ज्यांना आघातापासून वाचवायला गेलो, त्यांच्या हातून चार दिवस काढून घेतले. किलिपने वर्ग पाडले ते परिचारिकेने कुठे धावावे हे कळावे म्हणून. तसे घरच्या माणसालाही कुठे धावायचे असते. कुणाला सुरतेहून निघायचे असते.

गावातले कुणी त्या दाराआड गेले की हल्ली लोक मला सोबत नेतात. मास्तर डॉक्टरांशी नीट बोलतात असा माझा लौकिक झाला आहे. मी आकडा विचारतो. बाकावर येऊन जेवढे पेलेल तेवढे सांगतो, आणि वाचणारेही पुष्कळ असतात हेही सांगतो. पण त्याआधी विचारतो, "पोरं कुठं असतात तुमची? फोन केलात का?"