रॉय, अभिजित
(मृत्यू : २६ फेब्रुवारी २०१५). बांगलादेशी-अमेरिकन अभियंता व निरीश्वरवादी लेखक. २००१ मध्ये त्यांनी ‘मुक्तमना’ हे विवेकवादी व्यासपीठ उभारले. ढाक्याच्या एकुशे पुस्तकमेळ्यातून परतताना विद्यापीठ परिसरात, भर गर्दीत, त्यांच्यावर कोयत्याने वार झाले. पत्नी रफिदा अहमद यांचा अंगठा तुटला. रॉय यांच्या इच्छेनुसार देह वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे प्रकाशक फैसल आरेफीन दीपन यांचीही कार्यालयात हत्या झाली. बांगलादेशच्या राज्यघटनेत तेव्हा धर्मनिरपेक्षता आणि इस्लाम हा राजधर्म, दोन्ही एकत्र नांदत होते. नास्तिकाला मात्र सरकारकडून संरक्षणापेक्षा जपून लिहिण्याचा सल्लाच अधिक मिळे. रॉय यांच्या हत्येप्रकरणी फेब्रुवारी २०२१ मध्ये पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. फिर्यादी असलेले वडील, भौतिकीचे प्राध्यापक अजय रॉय, साक्ष देऊन २०१९ मध्येच वारले होते.