पंचवीस टक्के जागा आणि शाळेचे अंतर

गरीब घरातील मुलाने खासगी शाळा निवडावी आणि तिचे शुल्क शासनाने भरावे, ही कल्पना जगभर ‘व्हाउचर’ या नावाने परिचित आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ती १९५५ मध्ये मांडली. चिलीने १९८१ पासून ती देशभर राबविली. भारतात या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद म्हणजे १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम १२(१)(क) होय.

तरतूद काय आहे?

खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवावे, असे हे कलम सांगते. अल्पसंख्याक शाळा यातून वगळलेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती व अन्य वंचित गटांना ती लागू नाही. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि प्रवेश सोडतीने ठरतो. मुलाखत वा चाचणी घेण्यास मनाई आहे.

व्हाउचर पद्धतीत पैसा मुलामागे जातो. येथे जागा आधी राखून ठेवली जाते आणि शासन शाळेला शुल्काची प्रतिपूर्ती करते. शाळेचे प्रत्यक्ष शुल्क किंवा शासनाचा प्रतिविद्यार्थी खर्च, यांपैकी जी रक्कम कमी असेल तीच मिळते. राज्यात यासाठी १७,६७० रुपये ही कमाल मर्यादा ठरविण्यात आली होती. ही रक्कम थकल्याची तक्रार संस्थाचालक वारंवार करीत आले आहेत.

अंतराचा प्रश्न

गोंदिया तालुक्यातील मुर्रीसारख्या गावात उत्पन्नाच्या दाखल्याइतकेच घर आणि शाळा यांतील अंतर महत्त्वाचे ठरते. प्रवेशात एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्राधान्य मिळते, त्यानंतर तीन किलोमीटरपर्यंतच्या मुलांचा विचार होतो. या परिघात खासगी शाळाच नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

राज्य शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले. आता, एवढ्या अंतरावर प्राथमिक शाळा उपलब्ध करून देणे हे शासनाचेच कर्तव्य आहे. म्हणजे शासनाने ते जितके चोख बजावले असेल, तितक्या अधिक खासगी शाळा सुटणार होत्या आणि जिल्हा परिषदेची शाळा असलेल्या गावांतील पालकांची निवड संपणार होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये तो निर्णय कायम ठेवला.

आदिवासी मुलांसाठी

अनुसूचित जमातीच्या मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत शासकीय खर्चाने शिकविण्याची आदिवासी विकास विभागाची स्वतंत्र योजना आहे. गोंदिया जिल्ह्यासाठी या विभागाचे प्रकल्प कार्यालय देवरी येथे आहे. या योजनेत अंतराची अडचण दूर होते. मात्र त्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलाला घरापासून दूर राहावे लागते.

पंचवीस टक्क्यांतील मुलाचा मोफत शिक्षणाचा हक्क आठवीनंतर संपतो. नववीचे शुल्क कोणी भरायचे, याचा विचार पालकांनी पहिलीच्या अर्जाच्या वेळीच केलेला बरा.