दोन पट्ट्यांमधला उजेड

इलेक्ट्रोडवर तयार झालेले आयन एकमेकांना भेटले की उजेड पडतो, हे १९६४-६५ मध्ये अमेरिकेत पाठोपाठ निघालेल्या शोधनिबंधांतून स्पष्ट झाले. त्यांपैकी एक होता ॲलन बार्ड आणि के. एस. व्ही. संथानम यांचा. हेच संथानम पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. प्रयोगात इलेक्ट्रोड एकच असे. व्होल्टेज उलटे केले की आधीच्या ऋण आयनांमागून धन आयन निघत, दोघांची गाठ पडे आणि क्षणभर चमक दिसे.

ती चमक किती, आणि किती वेळ टिकेल? ते आयन द्रावणात कसे पसरतात, म्हणजे त्यांच्या विसरणावर, हे ठरते. विसरणाचे नियम फिक या शास्त्रज्ञाने १८५५ मध्येच दिले होते. पण रेणू वाटेतच एकमेकांना संपवू लागले की त्या नियमांचे समीकरण कागदावर सहसा सुटत नाही. ब्रूकहेवन प्रयोगशाळेतल्या स्टीफन फेल्डबर्ग यांनी मग द्रावणाचे पातळ थर कल्पिले आणि कोणत्या थरातून किती रेणू सरकले, किती भेटले, हा हिशेब टप्प्याटप्प्याने संगणकाकडून करून घेतला. १९६६ मध्ये त्यांनी या प्रकाशाचेच गणित मांडले. या रीतीत थराची जाडी निम्मी केली की कालटप्पा चौथाईवर आणावा लागतो, नाहीतर आकडे भरकटतात.

१९८० च्या दशकात सूक्ष्म इलेक्ट्रोड आले. दोन बारीक पट्ट्या शेजारी ठेवून एकीवर धन, दुसरीवर ऋण आयन सतत तयार करता येऊ लागले. पाच मायक्रोमीटरची फट रेणू सेकंदाच्या शतांशाच्या आसपास ओलांडतो. एक मिलिमीटरला कित्येक मिनिटे लागतात. म्हणून इथे चमक विझत नाही, स्थिर राहते.

गणित मात्र अवघड झाले. आयन आता एकाच दिशेने पसरत नव्हते, म्हणून थर पुरेनात, चौकटींची जाळी हवी; आणि पट्टीच्या कडेशी प्रवाहाची घनता इतकी चढते की साध्या जाळीत ती सापडतच नाही. पॅरिसचे ख्रिश्चन अमातोर आणि पुढे खार्किवच्या इरिना स्विर यांच्यासारख्यांनी जागाच बदलून घेतली: अनुरूप चित्रणाने, म्हणजे कोन न बदलता आकार बदलणाऱ्या गणिती रूपांतराने, पट्ट्यांभोवतालचा वक्र प्रदेश आयतात उलगडला, तशी कडेजवळची जाळी आपोआप दाट झाली. या साऱ्या कुळकथेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी युक्ती हीच. संगणकाची ताकद न वाढवता तिने अचूकता दिली.

त्या आयतात, आयन जिथे भेटतात तिथे, उजेडाची रेघ स्पष्ट उमटते. दोन्ही आयन सारख्याच वेगाने पसरत असतील तर ती मधोमध असते. नसतील तर मंद आयनाच्या पट्टीकडे सरकू शकते.