किल्ली कुणाच्या खिशात?

कुलूप उघडण्याच्या साधनाला मराठीत दोन नावे आहेत आणि दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. 'किल्ली' संस्कृत 'कील'शी नाते सांगते, म्हणजे मुळात ती खुंटी किंवा खिळा. 'चावी' पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरली. जिच्या-त्याच्या तोंडी असलेले 'कुलूप' हे तर अरबी 'कुफ्ल'मधल्या अक्षरांची अदलाबदल होऊन झालेले रूप. आमच्या वऱ्हाडात हिंदीच्या शेजारामुळे 'चाबी' चालते. शब्द कुठूनही आलेले असोत, त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे मात्र सगळी हाताची आहेत: किल्ली लावणे, फिरवणे, देणे, सोपवणे. सासूने सुनेच्या हाती किल्ल्यांचा जुडगा देणे म्हणजे घर देणे, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

मोटारीच्या नव्या किल्लीने यातली 'लावणे' आणि 'फिरवणे' ही क्रियापदे काढून टाकली. 'देणे' तेवढे शिल्लक आहे, पण त्याची आठवण राहत नाही.

गेल्या मे महिन्यात हिवरखेडला एका लग्नघरी याचा प्रत्यय आला. जावईबापूंना अकोटच्या बसस्टँडवर सोडायला त्यांचीच गाडी नेली. नेताना ते स्वतः चालवत होते. स्टँडवर उतरले आणि चालकाच्या जागी मेहुणा बसला. इंजिन सुरूच होते. गाडीने किल्ली सापडत नसल्याची सूचना दिली, बारीकसा आवाजही केला. पण शेजारून वरात चालली होती. गाडी सुखरूप हिवरखेडला आली, अंगणात बंद झाली आणि मग सुरू होईना. किल्ली जावईबापूंच्या खिशात अकोल्याच्या वाटेवर होती. घरातल्या वडीलधाऱ्यांना संध्याकाळी डॉक्टरांना दाखवायचे होते, ते राहून गेले.

यात यंत्र बिघडले नव्हते. दाराजवळ गेले की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लघुपल्ल्याच्या लहरींनी किल्लीला हाक मारते, किल्ली सांकेतिक उत्तर देते, आणि उत्तर जुळले तरच दार उघडते. इंजिन सुरू करतानाही हीच चौकशी होते. मात्र एकदा सुरू झालेले इंजिन किल्ली दूर गेली म्हणून बंद पाडत नाहीत. भर रस्त्यात गाडी थांबणे त्याहून घातक, हा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबरच आहे. फक्त त्याची किंमत कुणी तरी घरच्या अंगणात मोजतो.

गंमत अशी की बटण ही काही नवी गोष्ट नाही. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला, त्याआधी हँडल मारावे लागे. हँडल उलटे फिरले की मनगट मोडे. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, अशी शिकवण असे. पुढे बरीच वर्षे स्टार्टरला वेगळे बटण किंवा पायाने दाबायची खुंटी होती. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची पद्धत क्रायस्लरने १९४९ साली आणली. रेनोच्या फ्यूगो गाडीत १९८२ साली दुरून उघडणारी कुलपे आली, आणि मर्सिडीजच्या एस-क्लासच्या १९९८ सालच्या पिढीबरोबर किल्ली खिशातच राहू लागली. म्हणजे किल्ली फिरवण्याचा काळ पन्नासेक वर्षांचाच. आपल्याला तो सनातन वाटतो इतकेच.

हिवरखेडच्या लोकांना तर या प्रश्नाचे जुने उत्तर ठाऊक असायला हवे. अकोला-खांडवा मीटरगेज मार्गावर हे स्टेशन होते. गेजबदलासाठी २०१७ साली तो मार्ग बंद झाला. देशभरातल्या एकेरी मार्गांवर टोकनची रीत होती. दोन स्टेशनांतली यंत्रे तारेने जोडलेली असत आणि एका वेळी त्यांतून एकच टोकन, म्हणजे बहुधा पोलादी गोळा, बाहेर निघे. तो हातात आल्याशिवाय चालकाने गाडी हलवायची नाही. पुढच्या स्टेशनवर तो परत दिला जाईपर्यंत मधला रस्ता इतरांना बंद. एखाद्याने टोकन खिशात घालून घर गाठले असते तर अख्खा मार्ग अडून बसला असता. म्हणूनच ते देताघेताना सर्वांच्या डोळ्यांसमोर असे.

अमेरिकेत या विसरण्याने माणसे मेली आहेत. घराला जोडलेल्या गॅरेजात इंजिन चालूच राहिले आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरला. २००६ पासूनचे असे किमान २८ मृत्यू न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ साली मोजले होते. ठरावीक वेळाने इंजिन आपोआप बंद व्हावे, यासाठी तिथे २०२१ साली कायद्यात तरतूद झाली. आपल्याकडे अंगणात उभ्या गाडीला तो धोका कमी. पण ज्या अकोल्यात मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपुढे गेला आणि उन्हापायी १४४ कलम लावावे लागले, तिथे बंद गाडीत मूल आणि किल्ली दोन्ही राहणे ही विसरण्याची गोष्ट नाही. दुरून उघडलेली काही वाहने दार न उघडल्यास थोड्या वेळाने पुन्हा कुलूपबंद होतात, हे मुलांच्या हाती खेळायला किल्ली देणाऱ्यांना सांगायला हवे.

जावईबापूंनी अकोल्याहून किल्ली दुसऱ्या दिवशी पाठवली. तोवर कुणी तरी खटपट करून पाहिली होती. अशा किल्लीच्या पोटात धातूची एक छोटी पाती असते, घटकोशिका संपली तरी दार तिने उघडता येते. पण ती पातीही अर्थातच जावईबापूंच्याच खिशात होती.