पाचोळा, खड्डा आणि इंदूर

फाल्गुन सरत आला की आवारातल्या झाडांची पाने गळू लागतात. बदाम आधीच मोकळा झालेला असतो, मागोमाग साग, शिरीष, पिंपळ. सकाळी झाडलेले अंगण दुपारच्या वाऱ्याने पुन्हा भरते आणि संध्याकाळी कुंपणाच्या कोपऱ्यातून धूर निघतो. घराचे परस असो, शाळेचे मैदान असो, उन्हाळ्याची सुरुवात अशीच होते. पाने झाडायची, गोळा करायची, काडी लावायची. पुढे पावसाच्या तोंडावर बागेसाठी खताची पोती विकत आणायची!

पाचोळा जाळू नका, कुजवा, हे मुलांना सांगणे सोपे आहे. करायला गेले की पंचाईत होते. एप्रिलमध्ये घरामागे मी पहिल्यांदा रचलेला ढीग जूनपर्यंत जसाच्या तसा कोरडा होता. पुढच्या वर्षी भरपूर पाणी घातले, तर शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली. कुजणे आपोआप होते, पण ते हवे तसे आणि हव्या त्या वेळात घडवून आणायचे तर काही हिशेब सांभाळावे लागतात. हे हिशेब जिथे बारकाईने मांडले गेले, ते ठिकाण आपल्या फार जवळचे आहे : होळकरांचे इंदूर.

आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा येथील शेती संशोधन संस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजमध्ये संशोधन केलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, आणि पुशातले गव्हाच्या जातींवरचे काम दोघांचे मिळून आहे. एकाच पिकाकडे, एकाच शास्त्राच्या चष्म्यातून पाहण्याचा हॉवर्डना कंटाळा आला होता. १९२४ मध्ये इंदूर दरबारने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर, मुख्यतः कापूस समितीच्या पैशावर, नवी संस्था उभी राहिली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले.

काळी जमीन, कापसाचे पीक आणि खताची टंचाई. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात, आणि कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या कुजायला तयार नसत. उपाय शोधताना हॉवर्डनी हात पसरले ते तीन दिशांना. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग यांचे चीन, कोरिया व जपानमधल्या शेतीवरचे पुस्तक १९११ मध्ये निघाले होते. तिथले शेतकरी काडीकचरा, राख, मैला काहीही वाया न घालवता शेतात परत नेत. दुसरीकडे इंग्लंडमधल्या रॉदॅमस्टेड केंद्रात हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी १९२१ मध्ये दाखवले होते की नुसता पेंढासुद्धा नत्र व हवा मिळाल्यास शेणखतासारखा कुजतो. आणि तिसरे गुरू म्हणजे इथले शेतकरी. त्यांना आपण प्राध्यापक मानतो, असे हॉवर्ड म्हणत.

इंदूरची पद्धत अशी होती. पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यावर पसरत, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या जात. मग काडीकचरा बैलांच्या पायांखाली अंथरायचा. गोठ्यातली मुतारलेली माती, शेण आणि थोडी लाकडाची राख घालून हा माल खड्ड्यात थरांनी, न तुडवता भरायचा आणि पाणी शिंपडायचे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद. खोली मात्र दोन-तीन फूटच. कारण वरून हवा दीड-दोन फुटांपर्यंतच आपोआप शिरते, हे तिथे पाहिले गेले होते. त्याहून उंच थर असेल तर पहारीने उभी भोके पाडायची. तीनदा उलथापालथ, आणि सुमारे ९० दिवसांत खत तयार. कोरड्या महिन्यांत खड्डा, कारण त्यात ओल टिकते. पावसाळ्यात जमिनीवर ढीग, कारण खड्ड्यात पाणी साचून हवा कोंडते. माझ्या दोन्ही फजित्यांचे उत्तर या एका वाक्यात होते.

आता कर्ब आणि नत्र यांचा हिशेब. सूक्ष्मजीवांच्या शरीरात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साधारण आठ-दहा भाग असतात. पण खाल्लेल्या कर्बापैकी जवळजवळ दोन तृतीयांश ते श्वसनात जाळतात. म्हणजे एक भाग नत्र पुरता वापरायचा तर तीसेक भाग कर्ब हवा. इंदुरात सुरुवातीला ३३ ला १ हे प्रमाण योग्य ठरले. कर्ब फार असेल तर नत्राअभावी काम रेंगाळते. नत्र जास्त असेल तर तो अमोनिया होऊन उडून जातो. वाळक्या पानांत कर्ब फार, म्हणून माझ्या पहिल्या ढिगात पाण्याबरोबर नत्रही कमी पडला होता.

या साऱ्याची रासायनिक बाजू सांभाळली ती यशवंत वाड यांनी. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवरचे जे पुस्तक काढले, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. पुढे जगाने एकच लक्षात ठेवले. गॅब्रिएल १९३० मध्येच वारल्या, त्यांचेही नाव मागे पडले. संशोधनाच्या इतिहासात हे नवे नाही, पण मराठी शिक्षकाने तरी वर्गात वाडांचे नाव घ्यावे असे मला वाटते.

हॉवर्ड १९३१ मध्ये मायदेशी परतले. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजी ही संस्था मुद्दाम पाहायला गेले. ही पद्धत आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांत आणि आसामच्या चहाच्या मळ्यांत पोचली. मग ती परसात आली : अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेती व बागकामाचे मासिक सुरू केले, त्यात हॉवर्ड सहसंपादक होते. तोवर त्यांची भाषा मात्र बदलली होती. अशा खतावर वाढलेल्या पिकांना आणि जनावरांना रोगच होत नाहीत, असे ते ठामपणे लिहू लागले. त्याला इंदूरच्या मोजमापांसारखा आधार नव्हता. खताचा हिशेब आणि हा दावा वेगळे ठेवूनच हॉवर्ड वाचावेत.

घरी बैल नाहीत आणि ३० फुटांचा खड्डाही नाही. नत्रासाठी भाजीचे देठ, हिरवे गवत, मिळाले तर ताजे शेण चालते. अडचण आकाराची आहे. सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने ढीग तापतो, पण उष्णता निसटते ती पृष्ठभागावरून. ढीग जितका लहान, तितका घनफळाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. लांबी-रुंदी-उंची मीटरभर असली तर तो चांगला तापतो. बादलीभर पाचोळा कुजतो, पण तापत नाही. प्रयोगशाळेतला तापमापक दोरीला बांधून आत सोडला तर सातवी-आठवीची मुले दोन्हींतला फरक रोज नोंदवू शकतील.

यंदा होळीनंतर घरामागे दोन फुटांचा खड्डा खणला. चौथ्या दिवशी सकाळी आत ५८ अंश होते. अंगण झाडणाऱ्या मावशींनी हात घालून पाहिला, झटकन बाहेर काढला आणि विचारले, "खाली विस्तव ठेवलाय का?"