एका गोळीतली दोन औषधं

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या खाला गोळ्यांची तीन पाकिटं घेऊन आमच्या दारात आल्या. "बेटा, इसपे क्या लिखा है, देख के बोल जरा," म्हणाल्या. खाला चाळीस वर्षं विड्या वळतात. मांडीवर सूप, मान खाली, हजार विड्यांवर मजुरी. मान आणि मनगट दुखतं म्हणून त्या दुकानातून "जॉइंट" गोळी आणत. त्यात सर्दी झाली म्हणून एक गोळी सुरू झाली आणि ताप आला म्हणून आणखी एक. तिन्ही दिवसातून तीनदा.

मी पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचली. दुखण्याच्या गोळीत आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल 500. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल 650. शाळेत मुलांकडून करून घेतो तशी बेरीज केली. एका वेळचे 1475, तीन वेळचे 4425 मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढ माणसानेही 24 तासांत 4000 च्या वर जायचं नसतं. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा आणखी खाली येते. खालांनी एकही गोळी जास्त घेतली नव्हती. त्यांना नावं तीन दिसत होती, औषध मात्र तिन्हींत एकच होतं.

खालांना दोष देण्याआधी या जोडगोळीचा इतिहास पाहू. तो कष्टकऱ्यांच्या वस्तीतूनच जातो.

स्वीडनमध्ये हुस्कवार्ना नावाचं कारखान्याचं गाव आहे. तिथे बंदुका आणि शिलाई मशिनं बनत. 1918 साली इन्फ्लुएंझाची साथ आली. ही तीच साथ, जिने आपल्याकडे मुंबई इलाख्यातही घरंच्या घरं रिकामी केली. हुस्कवार्नात योर्टन नावाच्या डॉक्टरने तापासाठी एक पूड दिली. तिच्यात फेनॅसिटिन, फेनॅझोन आणि कॅफिन अशी तीन औषधं होती. साथ गेली, पूड राहिली. अंग दुखायचं थांबतं, कॅफिनमुळे तरतरी येते आणि हात यंत्रावर चालत राहतो, हे कामगारांच्या ध्यानात आलं होतं. पूड रोजची झाली, वर्षानुवर्षं चालली. पुढे त्या गावात मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं मरू लागली. कर्ट ग्रिमलुंड या डॉक्टरने 1963 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मृत्यूंचं नातं त्या पुडीशी जोडलं. त्याआधी दहा वर्षं, 1953 साली, स्वित्झर्लंडमध्ये श्पूलर आणि झोलिंगर यांनीही वेदनाशामकं सतत घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडांत असाच बिघाड नोंदवला होता.

ऑस्ट्रेलियातही हेच घडलं. तिथे ॲस्पिरिन, फेनॅसिटिन आणि कॅफिन यांची पूड घरोघरी असे आणि ती घेणाऱ्यांत बायका फार होत्या. याच त्रिकुटाची गोळी आपल्याकडे "एपीसी" म्हणून ओळखली जाई. जुन्या पिढीतल्या अनेकांना ती सरकारी दवाखान्यातली गोळी म्हणून आठवत असेल. 1887 साली बाजारात आलेल्या फेनॅसिटिनवर भारत सरकारने 23 जुलै 1983 रोजी बंदी घातली. म्हणजे दुखणं दाबणारं एक औषध जवळजवळ शंभर वर्षं बिनधास्त खपलं.

फेनॅसिटिनची जागा पॅरासिटामॉलने घेतली. 1948 साली अमेरिकेत ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवलं होतं की फेनॅसिटिनचं शरीरात पॅरासिटामॉल होतं आणि दुखणं थांबवण्याचं काम मुख्यतः तेच करतं. 1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात स्ट्युअर्ट ॲडम्स यांच्या प्रयोगशाळेतून आयब्युप्रोफेन आलं. ही दोन्ही औषधं वेगवेगळ्या वाटेने वेदना कमी करतात. त्यामुळे दातदुखीसारख्या तीव्र दुखण्यात थोडे दिवस दोन्ही एकत्र देण्याला वैद्यकीय आधार आहे. तेव्हा जोडगोळी म्हटली की वाईटच, असं मुळीच नाही.

पण आपल्या बाजारात अशा जोड्यांचा सुळसुळाट झाला. 10 मार्च 2016 रोजी केंद्र सरकारने 344 मिश्र औषधांवर एकदम बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून पुन्हा तपासणी झाली आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणं बंद झाली. 2023 मध्ये आणखी 14, ऑगस्ट 2024 मध्ये आणखी 156. या याद्यांत दुखण्यावरच्या गोळ्याही होत्या. काल दुकानात सहज मिळणारी गोळी आज यादीत निघते, हे या दहा वर्षांत आपण पाहिलं.

आता सोलापूर. इथे 1870 च्या दशकात पहिली गिरणी उभी राहिली. पुढे गिरण्या गेल्या, यंत्रमाग आले, घराघरांत विडी राहिली. मागावर बारा तास उभं राहणाऱ्याचे पाय आणि सुपावर दिवसभर वाकणारीची मान दुखणारच. सुट्टी घेतली तर मजुरी बुडते, म्हणून गोळी घेतली जाते. हुस्कवार्नाच्या कामगाराचा हिशेबही हाच होता. त्याची पूड आता मिळत नाही, पण रोज गोळी घेऊन काम रेटण्याची सवय तशीच आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही औषधं दीर्घकाळ घेतली तर जठरात व्रण होऊ शकतात, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

म्हणून काही गोष्टी घरात सर्वांना माहीत हव्यात. गोळीच्या नावाखालची बारीक ओळ वाचा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. एकच औषध दोन पाकिटांत दिसलं तर डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारा. जोडगोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. तीन दिवसांत ताप किंवा थोड्या दिवसांत दुखणं हटलं नाही, तर गोळी वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, दमा, हृदयविकार, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळा, रक्तस्रावाचा धोका असतो. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी माणूस ठीक वाटतो आणि यकृत आतून बिघडत जातं. त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगी पडतो. त्रास होण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावं.

रमजानची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सहेरीला जोडगोळी घ्यायची आणि मग दिवसभर सोलापूरच्या उन्हात पाण्याचा थेंब नाही, यात मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा मानू नये. रोजे ठेवायचेच असतील तर औषधाच्या वेळा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

खालांना मी त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. तीनपैकी दोन पाकिटं बंद झाली, रक्ताची तपासणी झाली आणि सुदैवाने ती ठीक निघाली. मान अजून दुखते, कारण सूप अजून मांडीवर आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कुठल्या गोळीकडेही नाही. आता मात्र नवीन पाकीट आलं की खाला नातीला हाक मारतात आणि ती मागची ओळ मोठ्याने वाचते.